गाविलगडावरचा शुक्रवार

मोबाइल खिशात ठेवा. चिखलदऱ्याहून तुम्ही गाविलगडात शिरलात आणि दिल्ली दरवाजाच्या वळणावर पाचशेहून अधिक वर्षं गळून पडली. ऊन मी म्हणतंय, शुक्रवारची दुपार आहे आणि तुमच्या पाठीला एका बैलाचं ओलं नाक लागलंय.

"सरका जी! काहून मधात उभे राह्यले?"

सरका. बैलावर एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, चढवलेली ज्वारी आहे. मागून गवळ्याचं तूप येतंय, कोरकूंच्या टोपल्यांत मध आणि चारोळी. शेण, घाम, तूप, सगळ्याचा वास एकात एक. मान वर करा. दरवाजावर दोन तोंडांच्या गंडभेरुंडानं हत्ती पकडलेत. वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्लाह इमाद-उल्-मुल्क लहानपणी विजयनगरच्या मुलखातून इकडे आणला गेला. तिकडची ही गंडभेरुंडाची खूण त्यानंच इथे जपली असं मानतात. १४८८ सालची त्यानं केलेली गडाची डागडुजी आत्ताच उरकलीय, भिंतींतून अजून चुन्याचा वास येतो.

अजान झाली. लोंढ्याबरोबर चढा. मशीद गडाच्या उंच भागात आहे, पोहोचेपर्यंत छाती भात्यासारखी हलते. भिस्ती पखालीचं तोंड सोडतो. पाणी मनगटावर पडताच अंगावर शहारा येतो. जोडे काढा. अंगणाची फरशी तळवे भाजते, पण समोरच्या सात कमानींपैकी एकीखाली शिरलात की दगड एकदम गार.

मागेच उभे राहा आणि छताकडे बघा. कमानींच्या तीन रांगा, एकवीस खण, प्रत्येकावर घुमट. लाकडाचा आधार कुठेच नाही. दगडच दगडाला रेटून धरतो. शेजारच्या गवंड्याच्या नखांत चुना अडकलाय. तोही वरच बघतोय, चौकोनी खणाचा कोपरा गोल होतो तिथल्या सांध्याकडे. खुतबा सुरू होतो आणि एकाच माणसाचा आवाज घुमटाघुमटांतून फिरून येतो. टोकाच्या छत्रीच्या दगडी जाळ्या तर बघत राहाव्यात इतक्या नाजूक.

नमाज सुटली की बाहेर मटणाचा दरवळ. त्यात मिरची शोधू नका, ती अजून या देशात आलेलीच नाही. वऱ्हाडी रश्शाचा हा झणका मिऱ्यांचा आहे, आणि डोळ्यांतून पाणी काढायला तेवढा पुरतो.

या आता परत. मशिदीची मागची बाजू ढासळली आहे, कमानी मात्र उभ्या आहेत. चिखलदऱ्याच्या सहलीत तिला निदान तासभर द्या, आणि दगडावर नाव कोरणारा दिसला तर त्याला तिथेच थांबवा.