बंडी, जीप आणि तीन इंच

“मामाजी, गाडी उचलून घेऊ का?” पोळ्याच्या दिवशी भाच्याने मला विचारले, आणि मी दचकलोच. आमच्याकडे गाडी उचलतात ती हप्ते थकल्यावर, आणि तीही दुसरे लोक! घरच्या माणसाने आपलीच गाडी उचलावयाची म्हणजे काय?

मग त्याने उलगडा केला. त्याची गाडी जीपच्या वंशातली; पुढेमागे लोखंडी पाट्यांवर बसलेली आणि चारही चाकांना जोर देणारी. वयाने पंधरा वर्षांवर गेलेली, आणि चाललेली तीन लाख दहा हजार किलोमीटर. एका मिस्त्रीने त्याला सुचविले होते की, पाट्यांत दोन पाने वाढवू, लांब शॅकल लावू, मोठे टायर चढवू, म्हणजे गाडी तीन इंच उंच होईल.

ही हौस नव्हती. श्रावणात एका अडलेल्या बाईला घेऊन तो गडचिरोलीला निघाला होता. वाटेतल्या नाल्याचा रपटा पाण्याखाली गेला होता. चार तास गाडी अलीकडेच उभी राहिली. पुढे पाणी उतरले आणि बाळबाळंतीण सुखरूप राहिली, ही देवाची कृपा. परंतु गाडीत मागे बसलेल्या त्या बाईचे कण्हणे त्याच्या कानांतून गेले नाही. “तीन इंच उंच असती, तर निघालो असतो,” असे तो पुन्हापुन्हा म्हणे.

मी कथा-कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण एखाद्या प्रश्नाला उत्तर सापडेना, म्हणजे आपल्या आधीच्या माणसांनी काय केले ते पाहावे, ही माझी जुनी खोड आहे. म्हणून म्हटले, “बापू, थोडा इतिहास पाहू, मग ठरवू.”

चिखलातून आणि नाल्यांतून वाट काढण्याचा प्रश्न आमच्या झाडीपट्टीत मोटारीबरोबर आलेला नाही. तो बंडीइतकाच जुना आहे. आमच्या सुताराने तो कसा सोडविला? त्याने बंडीची साटी उंच केली नाही. चाक मोठे केले. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव असे ते छातीपर्यंत येणारे चाक असे. चाक मोठे म्हणजे कणा उंच, आणि कणा उंच म्हणजे खालचा दगड आपोआप चुकला. उंची मिळवावयाची ती चाकातून, हे त्या निरक्षर कारागिराला पक्के ठाऊक होते.

त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. तणसाने शिगोशीग भरलेली बंडी बांधावरून उतरताना गाडीवान खाली उतरून बैलांच्या पुढे चालतो आणि कासरा हातात धरतो. कारण भार जितका वर, तितकी बंडी कलंडावयास उतावीळ. या गोष्टीला शाळेच्या पुस्तकात गुरुत्वमध्य म्हणतात. गाडीवानाला ते नाव ठाऊक नसले, तरी अर्थ ठाऊक होता.

आता जीपकडे येऊ. तिच्या जन्माची कथा मोठी मनोरंजक आहे. 1940 साली युरोपात युद्ध पेटले असताना अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी टेहळणी गाडी हवी होती. त्यांनी 135 कारखान्यांकडे मागणी धाडली. बँटम नावाच्या एका लहानशा कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून आराखडा करविला आणि त्याच सप्टेंबरात पहिली गाडी लष्करापुढे उभी केली. पुढे विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी अशा गाड्या लाखांनी बनविल्या.

पण वाचकहो, लष्कराच्या त्या मागणीत उंच गाडीची अट नव्हती. असलीच तर उलटी होती. पुढची काच पाडल्यावर गाडी जमिनीपासून जेमतेम तीन फूट भरावी, म्हणजे झुडपाआड लपेल, असे त्यांनी सांगितले होते. विलिसच्या जीपचे पोट जमिनीपासून पावणेनऊ इंचच वर होते. तरीही ती वाळूतून गेली, चिखलातून गेली, ब्रह्मदेशाच्या जंगलातूनही गेली. कशाच्या बळावर? वजन कमी, अंग आखूड आणि जोर चारही चाकांवर. खोल पाण्यातून जावयाची वेळ आली, तेव्हा सैन्याने इंजिनाला पाणी लागू नये असा बंदोबस्त केला आणि हवा घेणारी नळी वर नेली.

लढाई संपली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनी विलिसच्या जीपचे भाग जोडू लागली आणि ही गाडी आपल्याकडच्या सरकारी खात्यांत रुळली. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोवर वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंतचे सारे रान एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात होते. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या काळी पावसाळ्यात तिथला जगाशी संबंध तुटे. पर्लकोटा नदी फुगली की कोणतीही गाडी, उंच असो वा ठेंगणी, अलीकडेच थांबे. तिथे कामाला आली ती माणसांची चिकाटी आणि दवाखाना रोग्याजवळ नेण्याची युक्ती.

एवढे सांगून मी भाच्याला गाडीखाली वाकावयास लावले. मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. गाडीचा सर्वांत खालचा भाग तोच. पाट्यांत पाने वाढविली तर वरचा सांगाडा चढतो, हा गोळा जागचा हलत नाही. तो चढतो केवळ टायरने. आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला, तर गोळा एकच इंच वर येतो. त्यातही मोठा टायर फिरवावयास इंजिनाला जोर अधिक, आणि थांबवावयास ब्रेकला श्रम अधिक. झिजलेले बुश आणि खिळखिळा क्रॉस असलेल्या म्हाताऱ्या गाडीला हा बोजा कसा सोसावा? शिवाय 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, कारखान्याने ठरविलेल्या मूळ घडणीत असा बदल करता येत नाही. फिटनेसच्या तपासणीत गाडी अडली, तर रोजीच बुडावयाची.

“आणि वाहत्या पाण्याचे काय?” मी विचारले. एक फूट वाहते पाणी लहान मोटार ओढून नेते. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या नेते. त्या दिवशी रपट्यावर मांडीइतके पाणी होते. तीन इंचांनी गाडी तरली नसती. भाच्याची हिंमत तेवढी वाढली असती आणि ती तिघांच्या जिवावर बेतली असती. तो बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी थांबलो, ते बरोबरच होतं?”

माझ्या ध्यानात आले की, त्याला गाडीची उंची विचारावयाची नव्हतीच. त्याला हेच विचारावयाचे होते. मी म्हटले, “होय बापू, बरोबर होतं.”

आम्ही गाडी उचलली नाही. बसलेले पाटे बदलून मूळ मापाचे घातले, नवे बुश, नवे ब्रेक आणि चांगल्या खाचांचे टायर घेतले. नवल असे की, पाटे बदलताच गाडी आपोआप दीड इंच वर आली. वयाने वाकलेली कंबर सरळ झाली, इतकेच! रपट्याच्या खांबावर शाळेतल्या मुलांनी पांढरी रेघ ओढली आहे. पाणी रेघेला टेकले की गाडी अलीकडेच थांबते. आणि भाच्याने गावातल्या आशाताईंना सांगून ठेवले आहे की, कुणाचे दिवस भरत आले असतील तर नाला फुगण्याआधी कळवा. आरोग्य केंद्राजवळ गरोदर बायांसाठी माहेरघराची सोय असते, तिथे आठवडाभर आधीच नेऊन सोडतो. फुगलेल्या पाण्यावर उपाय उंचीचा नाही, वेळेचा आहे.

उद्या भाऊबीज. ताई त्याच गाडीतून येईल, आणि संध्याकाळी आम्ही सारे मंडईला नाटक पाहावयास जाऊ. परतताना मध्यरात्र उलटलेली असेल, पोरे एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतील, आणि रपट्यापाशी येताच भाचा गाडीचा वेग कमी करून दिव्याच्या उजेडात आधी ती पांढरी रेघ पाहील. नाल्याला त्या दिवसांत पाणी घोट्याएवढेही नसते. तरी तो पाहीलच.