खुजा यक्ष, विश्वकर्मा आणि सुतार सामी : मावळातील लेण्यांच्या निर्मितीकथेचा अभ्यास

प्रस्तावना

सृष्टी घडविणारा देव हा मुळात कारागीर असावा, ही कल्पना अनेक प्राचीन समाजांत आढळते. आणि हा कारागीर पुष्कळदा ठेंगणा असतो. इजिप्तमधील मेंफिस नगरीचा प्ताह हा सृष्टीचा निर्माता व शिल्पकारांचा देव होय. त्याची मूर्ती खुज्या माणसासारखी होती आणि ती पाहून इराणचा सम्राट कंबायसिस हसला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नमूद केले आहे. उत्तर युरोपातील पुराणकथांत थॉर देवाचा हातोडा खुजे लोहार घडवितात. विसाव्या शतकात टॉल्किन या इंग्रज लेखकाने आपल्या कल्पितविश्वात औले नावाचा देव उभा केला. त्याच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिल्मरिलियन' या ग्रंथात हा औले परमेश्वराची अनुज्ञा न घेता पर्वताच्या पोटात खुज्यांचे सात आदिपुरुष घडवितो. पर्वत, गुहा, हातोडा आणि खुजा ही सामग्री मावळच्या वाचकास परकी वाटू नये. कार्ले, भाजे व बेडसे येथे डोंगर पोखरूनच वास्तू निर्माण झाल्या आहेत. या वास्तूंचा निर्माता कोण, या प्रश्नाला लोकपरंपरेने व प्रत्यक्ष शिळेने दिलेली उत्तरे प्रस्तुत लेखात तपासावयाची आहेत.

निर्माता आणि राखणदार

भारतीय परंपरेत एक विशेष असा की, निर्माता व खुजा या येथे दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दोन सूक्तांत (10.81 व 10.82) विश्वकर्मा हा द्यावापृथिवी घडविणारा देव म्हणून येतो. पुढे तो देवांचा स्थपती ठरला. खुजेपण मात्र यक्षांकडे गेले. यक्षांचा राजा कुबेर हा बुटका, पोट सुटलेला आणि भूमीतील धनाचा रक्षक आहे. रामायणानुसार त्याची लंका विश्वकर्म्यानेच बांधली. म्हणजे एकाने घडवावे आणि दुसऱ्याने राखावे, अशी ही वाटणी आहे.

शिल्पकलेतही यक्षाच्या वाट्याला भार वाहणेच आले. सांचीच्या पश्चिम तोरणाच्या स्तंभांवर बुटके यक्ष वरचा सारा भार हातांवर तोलून धरतात. वेरूळच्या दहाव्या लेण्यात खांबांवरच्या पट्टीत ठेंगण्या गणांचा मेळा कोरलेला आहे. हे लेणे बौद्ध चैत्यगृह असले, तरी त्याला 'विश्वकर्मा' किंवा 'सुताराची झोपडी' म्हणतात. कारण त्याच्या छताच्या दगडी फासळ्या थेट लाकडी बांधणीसारख्या आहेत. तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा समजून सुतार पूजीत असत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी केली आहे. सुतारांची ही समजूत केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारता येणार नाही. दगडातील सुतारकाम त्यांनी अचूक ओळखले होते.

मावळातील साक्ष

या दगडी सुतारकामाची पूर्वपीठिका मावळात आहे. भाजे येथील चैत्यगृह साधारणतः इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील. त्याचे खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. दगडाला अशा कलण्याची काहीही गरज नाही. ती गरज लाकडी खांबाची होय. कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण झाले असावे. त्यात 37 खांब आहेत आणि छताला लाकडी फासळ्या अद्याप टिकून आहेत. जेथे दगडाने भागले असते, तेथे लाकूड वापरण्याचा हा आग्रह पाहता या कामात सुताराचा शब्द किती चालत असेल, याची कल्पना येते.

परंतु लोककथा निराळेच सांगते. चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर असून ती कोळी, आगरी आदी अनेक समाजांची कुलदेवता आहे. वनवासात पांडव येथे आले असता देवीने त्यांस एका रात्रीत आपले मंदिर बांधावयास सांगितले व त्यांनी ते बांधले, अशी कथा आहे. एका रात्रीत काम पुरे होणे ही अट येथे महत्त्वाची वाटते. पिढ्यानपिढ्यांचे श्रम एका रात्रीत मिटविले की, कारागिरांची गरजच उरत नाही!

शिळेवरील अक्षरे या कथेस दुजोरा देत नाहीत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, असे कार्ल्याचा एक लेख सांगतो. प्रवेशद्वाराजवळच्या लेखांत धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, द्वार दान दिल्याचे नमूद आहे. आणि तेथेच धेनुकाकटचाच वर्धकी सामी, वेणुवासाचा पुत्र, याने द्वाराचे काम केल्याचेही नोंदविले आहे. वर्धकी म्हणजे सुतार. विदर्भात सुतारास वाढई म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. दान देणाऱ्याचे नाव कोरले जाणे स्वाभाविकच होते. परंतु काम करणाऱ्याने पित्याच्या नावासह तेथे उभे राहावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्यासारखी आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, घाटाखाली असलेल्या कोंडाणे लेण्यातही एका मोठ्या प्रतिमेजवळ कण्हाचा शिष्य बलक याने ती केल्याचा लेख आहे.

या संदर्भात मावळाबाहेरील एक उदाहरण घेणे अपरिहार्य आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत डोक्यावर पात्र तोलणाऱ्या एका हसऱ्या, ठेंगण्या यक्षाची मूर्ती सापडली. म. न. देशपांडे यांनी 1959 मध्ये या लेण्यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यक्षाच्या हाताच्या पाठीवर लेख आहे : कण्हदास नावाच्या सोनाराने ही केली. पुराणांनी निर्माता व खुजा यांची फारकत केली होती. येथे ते पुन्हा एकत्र आले. फरक इतकाच की, घडविणारा विश्वकर्मा नसून एक सोनार आहे, आणि त्याने आपली सही नेमकी भार वाहणाऱ्या हातावर केली आहे.

विस्मरणाचे कारण

मग ही नावे लोप का पावली? लोककथेस दोष देण्याचे कारण नाही. ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत, हे खरे कारण होय. घाटवाटेवरून व्यापार चालत होता, यात्रा भरत होत्या. घाट, लेणी आणि मातृदेवतांची ठाणी यांतील संबंध दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (1962) या ग्रंथात उलगडून दाखविला आहे. दारावरून माणसे जात होती, मात्र दारावरची अक्षरे त्यांच्यासाठी मुकी झाली होती. ज्या वास्तूचा कर्ता वाचता येत नाही, तिला लोक कर्ता देतात. महाराष्ट्रात तो बहुधा पांडव असतो. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडल्यानंतर, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एमील सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त कार्ल्याचे लेख संपादित केल्यानंतर, सामीचे नाव पुन्हा वाचता येऊ लागले. तो ज्या धेनुकाकटाहून आला, ते गाव नेमके कोठे होते, याविषयी मात्र अभ्यासकांत अद्याप एकमत झालेले नाही.