खळ्यावरचे बलुते

कृष्णा-येरळेच्या खोऱ्यांतील सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत रोकड दुर्मीळ असतानाही गावगाडा चाले, याचे कारण सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट आदी बलुतेदार वर्षभर रयतेची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर शाळूची रास पडली, की कुणी पेंढ्या, कुणी सूपभर दाणे, असा आपापला परंपरागत हक्क घेऊन जात. लोहाराने भट्टीत तापवून ठोकलेला फाळ आणि सुताराने घडविलेली पाभर यांचे मोल त्या दाण्यांत फिटे. मात्र या स्वयंपूर्णतेचा गौरव करताना, सरकारी टपाल वाहणाऱ्या व मेलेली जनावरे ओढणाऱ्या महारांच्या पदरी बलुत्याबरोबर अवहेलनाही पडे, हे विसरणे अन्यायाचे होय. महारांना या वंशपरंपरागत चाकरीला जखडणाऱ्या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महार वतने खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने.