ऑकमच्या वस्तऱ्याची कुळकथा

साध्या कारणाने भागत असेल तर जादा गोष्टी गृहीत धरू नयेत, या नियमाला विज्ञानात आणि तत्त्वज्ञानात ‘ऑकमचा वस्तरा’ म्हणतात. गंमत अशी, की ज्याच्या नावावर तो खपतो, त्या विल्यमने ना वस्तऱ्याचं नाव घेतलं, ना त्याचं प्रसिद्ध सूत्र त्या शब्दांत लिहिलं.

विल्यम इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या ऑकम गावचा. जन्म १२८७च्या सुमाराचा. हा फ्रान्सिस्कन संन्यासी ऑक्सफर्डला शिकला, पण आचार्यपदापर्यंत पोहोचलाच नाही. जादा गोष्टी छाटण्याची त्याची रीत अशी: सॉक्रेटिस माणूस, प्लेटोही माणूस. मग दोघांत ‘माणूसपण’ म्हणून काही वेगळं असतं का? विल्यमच्याच संघाचा डन्स स्कोटस म्हणे, दोघांना समान असं काहीतरी खरोखर असतं. विल्यमने ते साफ उडवून लावलं: माणसं तेवढी खरी, माणूसपण ही आपल्या मनातली कल्पना. गतीचंही तेच. वस्तू आहे, तिने एकामागून एक घेतलेल्या जागा आहेत. वर आणखी ‘गती’ नावाची चीज कशाला?

१३२४मध्ये त्याच्या मतांच्या चौकशीसाठी त्याला आविन्योंला, पोपच्या दरबारी बोलावणं आलं. तिथे पेटलं भलतंच भांडण. ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, असं फ्रान्सिस्कन म्हणत. पोप जॉन बाविसाव्याने ते पाखंड ठरवलं होतं. विल्यमने पोपची फर्मानं वाचून काढली आणि पाखंडी खुद्द पोपच आहे असं ठरवलं! २६ मे १३२८च्या रात्री तो संघप्रमुखासह पळाला आणि पुढे बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला राहिला. १३४७मध्ये म्यूनिकलाच वारला.

सूत्राचे आज प्रचलित असलेले शब्द १६३९मध्ये जॉन पन्च या आयरिश फ्रान्सिस्कनाच्या टिपांत येतात, आणि त्या टिपा कुणाच्या ग्रंथावर, तर स्कोटसच्या! पन्चने ते सर्वांच्या तोंडचं वचन म्हणूनच दिलं. ‘वस्तरा’ १६४९मध्ये लिबेर फ्रुआमाँने लॅटिनमध्ये चिकटवला. इंग्रजीत तो १८५२मध्ये विल्यम हॅमिल्टनने रुजवला. १९१८मध्ये थॉर्बर्न नावाच्या अभ्यासकाने ‘माइंड’ नियतकालिकात ही सगळी दंतकथा उघडी पाडली. तोवर नाव पक्कं झालं होतं.

पण वस्तरा अगदीच उसना नव्हे. गरजेविना अनेक गोष्टी मानू नयेत, हे विल्यमने पुन्हापुन्हा लिहिलं, जरी ते ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं असलं तरी. मात्र तर्क, अनुभव किंवा धर्मग्रंथ यांपैकी एकाचा आधार असेल, तर जादा गोष्ट मानायला त्याची हरकत नसे. आणि देवावर त्याने हा नियम कधीच लादला नाही. थोडक्यात होणारं काम देव खुशाल लांबच्या वाटेने करतो, असं त्याचं स्वच्छ मत होतं.