कूटचा वेढा : नदीवर आणि मुदपाकखान्यात हरलेली लढाई

१/७
पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली, हे सर्वज्ञात आहे. दीडशे वर्षांनंतर तैग्रिसकाठी तेच घडले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट-अल-अमारा येथे सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर ६ व्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. सेवकवर्गासह सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

२/७
नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा सहज हाती आले आणि पुढे बगदादचा मोह पडला. मात्र बसऱ्याच्या उत्तरेस ना रेल्वे होती, ना पक्की सडक. दाणागोटा, दारूगोळा, जखमी यांची सारी भिस्त उथळ पात्रातील मोजक्या आगबोटींवर होती. फौज जितकी पुढे सरके, तितकी बोटीची फेरी लांबे आणि रसद घटे.

३/७
नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, टेसिफोन येथे चार हजारांहून अधिक सैनिक मारले गेले वा जखमी झाले. जनरल टाउनशेंड कूटला परतले. ७ डिसेंबरला वेढा पडला.

४/७
धान्य थोडेच दिवस पुरेल, असे टाउनशेंड यांनी प्रथम कळवले. त्यामुळे कुमक पूर्ण जमण्याआधीच घाईने पुढे धाडली गेली. जानेवारीत गावातील घरे धुंडाळल्यावर आणखी धान्य सापडले. तोवर पहिल्या चढाया अडल्या होत्या.

५/७
वेढा एकच, व्याधी दोन. पांढऱ्या पिठाच्या पावावरील गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी जडली. भरड पिठाच्या रोट्या खाणारे हिंदी सैनिक तिच्यापासून वाचले. पण ताजी भाजी नव्हती आणि घोड्याचे मांस बहुतेकांना धर्मामुळे वर्ज्य वाटे. त्यांना स्कर्व्हीने गाठले. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नुकतेच उदयास येत होते.

६/७
एप्रिलमध्ये विमानांतून धान्य टाकले गेले; ते अपुरे ठरले. २७० टन रसद घेऊन निघालेली ‘जुलनार’ बोट तुर्कांनी पकडली. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले.

७/७
पुढे जनरल मॉड यांनी आधी बंदर, रेल्वे, बोटी व रुग्णालयांची व्यवस्था लावली, मगच चढाई केली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. नदी तीच होती, शत्रूही तोच. मात्र कूटच्या कैद्यांना या शहाणपणाचा उपयोग नव्हता. त्यांच्यापैकी हजारो जण वाळवंटातील पायपिटीत आणि छावण्यांत आधीच मृत्युमुखी पडले होते.