कापसाची आग आणि भायखळ्याचं स्मारक

मी खामगावचा. कापसाच्या गाठी पाहतच वाढलो. वरची ज्वाळा विझली तरी गाठीच्या पोटात आग धुमसत राहते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

गेल्या वर्षी मुंबईत भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयातल्या स्मारकासमोर उभा राहिलो, तेव्हा तेच आठवलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं, दोन्ही एकाच जहाजात. जवान दुपारपासून पाणी मारत होते, कापूस आतून जळतच होता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. हे स्मारक त्यांचं.

त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या दिवशी भीमजयंतीची मिरवणूक असते आणि कडेला नगरपालिकेचा बंब उभा असतो. यंदा बंबावरच्या काकांना म्हटलं, “आज तुमचाही दिवस.”

ते हसले. “तुला कसं माहीत?”

मी भायखळ्याचं सांगितलं.