खिशातले शस्त्र

दिवाळीच्या दिवसांत पिस्तुलाचा विषय काढला, की घरातल्या मंडळींना टिकल्यांचे पिस्तूल आठवणार. ते आठवले तर बरेच झाले. माझे म्हणणे त्यावरून चटकन ध्यानात येईल. पोरे ते पत्र्याचे पिस्तूल अर्ध्या चड्डीच्या खिशात कोंबतात आणि ऐन लढाईत बाहेर ओढायला जावे, तो घोड्याचा आकडा शिवणीत अडकतो. खिसा फाटतो, पाठीत धपाटा बसतो आणि शत्रू पळून जातो. नेमकी हीच अडचण थोरांच्या खऱ्या पिस्तुलांनाही होती. ती दूर करण्यासाठी कारागिरांनी जे केले, त्याचा इतिहास वाचताना मला नेहमी थोडे अस्वस्थ वाटते.

आपल्याकडे शस्त्र ही मिरवायची वस्तू. दसऱ्याला त्याला गंधफूल वाहायचे आणि एरवी ते कमरेला सर्वांना दिसेल असे लावायचे. तलवारीच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगरी, कट्यारीला मखमली म्यान, बंदुकीच्या दस्त्यावर हस्तिदंत. शस्त्र सजवायचे म्हणजे त्यावर काहीतरी चढवायचे, हाच सगळ्या जगाचा रिवाज होता. खिशातल्या पिस्तुलाने तो उलटा केला. इथे कारागीर हातात कानस घेतो आणि आहे तेच काढून टाकतो.

या रिवाजाला पहिला मोठा धक्का दिला तो फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने. त्याचे पिस्तूल जेमतेम सहा इंचांचे, सहज खिशात मावणारे. पण अजून अर्धे जुन्या जगातले. लाकडी दस्ता, त्यावर नक्षी, वर उभा घोडा आणि बार एकच. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनवर झाडले ते हेच. गोळी एकच असल्यामुळे, पुढे आडव्या आलेल्या माणसासाठी बूथला सुरा उपसावा लागला.

ही उणीव भरून काढली अमेरिकेतल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. बंदुका घडवणाऱ्याचा हा मुलगा. त्याने हेरले, की गोळी सुटताना मागे जो धक्का बसतो, तो वाया का घालवावा? त्या धक्क्यानेच पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग मागे सरकावा, रिकामे काडतूस बाहेर फेकावे आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत सारावे. फिरत्या चक्राची गरजच उरली नाही. काडतुसे मुठीच्या पोकळीत एकावर एक रचली गेली आणि पिस्तूल चपटे झाले. बेल्जममधल्या लिएजजवळच्या हर्स्टालच्या एफ. एन. कारखान्याने ते १९०० साली बाजारात आणले. मुठीत सात गोळ्या, वजन पाऊण किलोच्या आत आणि वर घोड्याचा आकडा नाही! घोड्याचे काम आतल्या आत होई. पुढे १९१० च्या नमुन्यात त्याने नळीच्या वर असणारी स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली. पिस्तूल आणखी सडपातळ आणि गुळगुळीत झाले. साराजेव्होला २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात याच नमुन्याचे पिस्तूल होते. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. महायुद्धाची ठिणगी पडली ती एवढ्याशा वस्तूतून, हे खरे वाटत नाही.

कारखान्यातून आलेले पिस्तूलही काहींना पुरेसे निसरडे वाटेना. कोल्ट कंपनीतल्या जॉन हेन्री फिट्झजेराल्डने १९२० नंतरच्या काळात रिव्हॉल्व्हरवर कानस चालवली. नळी दोन इंच ठेवली, घोड्याचा आकडा छाटला, मुठीचे कोपरे गोल केले आणि बोट चटकन चापावर जावे म्हणून चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही कापला. (हे शेवटचे मला अघोरीच वाटते. कडे असते ते चाप चुकून दाबला जाऊ नये म्हणून!) स्वतः तो विजारीच्या दोन्ही खिशांना आतून चामडे लावून अशी जोडी बाळगी. त्याचे वारस अजून आहेत. कोल्टने १९८५ साली आपल्या जुन्या १९११ च्या पिस्तुलाचा आखूड अवतार काढला. तसली पोलादी पिस्तुले घेऊन हौशी लोक कारागिराकडे जातात. तो एकूण एक कड घासून वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी मऊ करतो आणि मुठीचा मागचा खालचा कोपरा तासतो, कारण सदऱ्यातून वर दिसतो तो हाच कोपरा.

कारागिरी म्हणून हे कौतुकास्पद आहे, यात वाद नाही. पण कमरेची तलवार दिसली, की समोरचा माणूस सावध होई. वैर होते तेही उघड होते. गुळगुळीत पिस्तुलाने ही सूचना काढून घेतली. हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले, तेव्हा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि बंदुका असणार. तीस वर्षांनी जे आले ते दिसणारे नव्हतेच.

१९०९ साली लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला यायला निघाला. त्याच्या एका पेटीला खोटा तळ होता आणि त्याखाली सावरकरांनी दिलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. बंदुका अशा आल्या नसत्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कवितांपायी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती; त्यांचा खटला वर पाठवणारे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. हे जॅक्सनसाहेब संस्कृतचे जाणकार. त्यांची बदली झाली, म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठरला. प्रेक्षकांत औरंगाबादेस शिकणारा अनंत कान्हेरे होता. वय अठरासुद्धा पूर्ण नाही. त्याच्याकडे पाहून कोणाला काय दिसणार? नाटक पाहायला आलेला एक मुलगा. जॅक्सन आत आले आणि त्याने गोळ्या झाडल्या.

कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याआधीच, १३ मार्चला, सावरकर लंडनमध्ये पकडले गेले होते. कटाच्या खटल्यात ३८ जण उभे केले गेले आणि २७ जणांना शिक्षा झाल्या. पिस्तुले समुद्रापार लपून आली, बंदरावर कोणाला दिसली नाहीत, नाट्यगृहाच्या दारातही दिसली नाहीत. ती दाखवून दिली चतुर्भुज अमीननेच. तो माफीचा साक्षीदार झाला आणि पेटीच्या खोट्या तळाची हकीकत त्याच्या तोंडून बाहेर आली.